पूजा झालेला रंधा

मंडळी, आज सकाळी माझी चांगलीच फजिती झाली.

बोहाड्यातल्या, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवातल्या, देवीच्या मुखवट्यासाठी सरकत्या झाकणाची पेटी करायचं मी कबूल केलंय. सुतारकामातली ही माझी पहिलीच वस्तू. झाकण ज्यात सरकतं त्या खोबणी पाडायला जव्हारच्या बाजारातून सर्वांत जड, पाच पाती बदलता येणारा रंधा आणला आणि लगेच हळदकुंकू वाहिलं. मग चालवला, तर पातं किती बाहेर काढायचं तेच कळेना. रंधा फळीवर उड्या मारू लागला. बोहाडा आठ दिवसांवर!

शेजारचे धाकू सुतार राजवाड्याच्या कामावर निघाले होते. हसून म्हणाले, “दादा, रांगायच्या आधीच घोड्यावर बसलात! पहिला रंधा लहान, एका पात्याचा घ्यावा. हा परत करा.”

“पूजा झालेली वस्तू परत कशी करू?”

“मग मला द्या, वाड्यावर चालेल. माझा जुना लहान तुम्ही घ्या. मालक कोण, याचं देवीला काय? तिला खोबण सरळ हवी.”

आम्ही रंधे बदलले. त्यांच्या लहान रंध्यानं खोबणी सरळ पडल्या आणि दुपारी झाकण सुर्रकन सरकलं. मी हात जोडले.

आपलं हे फिरतं पत्र पुढच्या गावी, सूर्यमाळला धाडण्याआधी खाली दोन ओळी लिहा: नवं हत्यार तुम्ही आधी पुजता, की आधी चालवून पाहता?