आधी माझी डिकी बघ

वाशीला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगभोवती माणसांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. त्याच सुमारास तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मला टाइम ऑफिसात नोकरी लागली. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी मांडायची आणि माल बाहेर न्यायचे पास लिहायची, गेटला चिकटलेली खोली. आत येणारा-बाहेर जाणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीतून दिसायचा. मला नसत्या चौकशा भारी आवडतात, त्यामुळे जागा अगदी मनासारखी मिळाली होती. एकच गोष्ट डोक्यात जायची, ती म्हणजे सुटताना होणारी झडती.

भोंगा झाला की कामगार रांग लावत. पिशवी उघडायची, डब्याचं झाकण काढायचं. पॅकिंगमधल्या बायका आपले खरकटे डबे वॉचमनपुढे धरत, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि शेजारूनच साहेबांच्या गाड्या कडक सलाम घेत निघून जात. एवढी झडती होऊनही वाशीतल्या दोन-तीन साहेबांच्या ग्रिलला आमच्या कारखान्याचाच आकाशी रंग होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग मन लावून काम कोण कशाला करेल? रंगाची शेड चुकली तरी कुणी तोंड उघडत नसे. चेपलेला डबा गुपचूप खोक्याच्या तळाशी जाई.

अशात नवे वर्क्स मॅनेजर आले. बारीक अंगाचे, कोकणातले, बोलणं हळू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी संध्याकाळी गेटवर गाडी थांबवली, खाली उतरले आणि वॉचमनला म्हणाले, "उद्यापासून सलाम नको. डिकी बघायची. आधी माझी, मग बाकी साहेबांची, मग यांचे डबे."

मी मनात म्हटलं, चार दिवसांचं नाटक आहे. साहेब लोकांच्या चांगुलपणावर माझा फार विश्वास नव्हता. पण चार दिवस गेले, चार महिने गेले, तरी साहेब रोज उतरत आणि आपल्या हातानं डिकी उघडून बाजूला उभे राहत. बाकीच्या साहेबांची तोंडं वाकडी झाली, पण डिक्या उघडू लागल्या.

आमचा वॉचमन सारसोळ्याचा होता. नव्या शहरासाठी जमीन गेली त्या बदल्यात ही नोकरी मिळालेली, तीही कच्ची. घरात म्हातारी आई आणि तीन पोरी. त्याला कायम करायचा कागद मालकांच्या सहीसाठी मुंबईला गेला होता, आणि तो रोज खिडकीशी येऊन मला विचारायचा, "बाय, आला का?"

नेमके त्याच दिवसांत मालकांचे एक भाचे कारखाना बघायला आले. जाताना डिकीत रंगाचे चार मोठे डबे होते. वॉचमननं अडवलं. "साहेब, पास?"

"कुणाची गाडी आहे माहीत आहे का तुला?"

"माहीत हाय. पन आमच्या सायबांनी सांगलंय, सगल्यांची डिकी बगाची. पास नाय तर डबा नाय."

असं म्हणून त्यानं गेटचा आडवा दांडा खाली ओढला. मला वाटलं, गेली याची नोकरी. भाचेसाहेब तावातावानं माझ्या खोलीत शिरले आणि थेट मामांना फोन लावला. तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. त्यांनी रिसीव्हर मागून घेतला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण आवाज चढलेला होता एवढं कळत होतं.

"नाही सर, त्यानं नाही अडवलं, मी अडवलंय," साहेब नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले. "नियम माझा आहे. त्याच्यावर रागवायचं असेल तर आधी माझ्यावर रागवा."

मग पलीकडचा आवाज उतरेपर्यंत ते रिसीव्हर धरून राहिले. फोन ठेवून भाच्यांना म्हणाले, "डबे उतरवावे लागतील." भाच्यांनी ते स्वतःच्या हातांनी उतरवले. पॅकिंगच्या बायका जाळीमागून बघत होत्या. मला इतका आनंद झाला की मी उगाचच सगळ्यांसाठी चहा मागवला.

वॉचमनला कायम करायचा कागद महिनाभर उशिरा आला, पण आला. साहेबांनी तो गेटवर नेऊन त्याच्या हातात दिला.

त्यानंतर कुणी भाषण केलं नाही की भिंतीवर पाटी लावली नाही. पण मिक्सरवरचा माणूस आपणहून केबिनमध्ये जाऊन "साहेब, शेड चुकली" म्हणू लागला. बायका चेपलेले डबे बाजूला काढून ठेवू लागल्या. डब्याची झाकणं अजूनही उघडावी लागत, पण त्यांच्या माना आता खाली नसत. मलाही सकाळी बस पकडायचा कंटाळा येईनासा झाला.

काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ झाले, आणि कामगारांनी वर्गणी काढून दुकानातून आणलेला आकाशी रंगाचा डबा दिला, त्यांच्या गावच्या घराच्या दाराला लावायला. हार घातलेली गाडी गेटशी आली. सगळा कारखाना टाळ्या वाजवत होता.

दांडा वर झाला नाही.

"अरे, आपनच दिलाय तो!" कामगारांचा पुढारी ओरडला.

"मना ठाव हाय," वॉचमन म्हणाला. डोळे भरलेले, पण दांडा धरलेला. "पन पास नाय."

टाळ्या थांबल्या. साहेब उतरले, आपल्या हातानं डिकी उघडली आणि बाजूला उभे राहिले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन पास लिहिला. साहेब सही करेनात. आता आपला अधिकार नाही म्हणाले. मग त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी माझ्या खिडकीशी उभं राहून सही केली. त्यांची आमच्या कारखान्यातली ती पहिली सही.

वॉचमननं पास वाचला, डब्यावर हात ठेवून बघितला आणि दांडा वर केला. मग टाचा जुळवून त्यानं कडक सलाम ठोकला. त्या दिवशी साहेब नको म्हणाले नाहीत.