एक नंबर गाडीची केबल

१९३३ सालच्या मार्चमधला रविवार. सोलापुरात माझ्या घरापुढचं अंगण. हजर तिघे: मी, माझी बायको आणि सांगोल्याहून आलेला बिरू. लढाईत माझ्याबरोबर ड्रायव्हर असलेल्या येसूचा हा धाकटा भाऊ. वादातली रक्कम दोन रुपये.

लष्करातून सुटल्यापासून मी भाड्याची मोटार चालवतो. गाडी जुनी आहे. त्या आठवड्यात वीस मैलांच्या वेगाला तिचा स्पीडोमीटर किंचाळू लागला होता. आवाज कधी पुढच्या चाकातून वाटे, कधी काट्यामागून. चाक तपासलं, ते ठीक होतं. मग केबल सोडवली. नळीतली तार ठणठणीत कोरडी निघाली.

"आता शेजारणीला कसं कळायचं, तुम्ही वाटेवरच्या कुंभारी गावापर्यंत आलात ते?" बायको म्हणाली. "तो आवाज ऐकून ती मला चहा टाकायला सांगते."

बिरू हसला नाही. "काडूनच टाका की हवालदार. तारच न्हाय तर आवाज कुटनं येनार?"

मी फडकं उचललं. "तू कशाला आलास ते आधी सांग."

"येसूदादाच्या पोरीचं लगीन जमत आलंया. आता नवऱ्याचा बाप म्हनतो, पोरीचा बाप पळपुटा. पान्याची सरकारी कापडी छागल वाळूत टाकून पळाला. दादा गेल्यावर आईला पैसं आलं, त्यात छागलीचं दोन रुपय कापल्यालं. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हननार? तितं तुमी हुता."

मी होतो. तार पुसता पुसता सांगितलं.

साल १९१८, मेसोपोटेमियाचं वाळवंट, बसऱ्याच्या वर. जखमी नेणाऱ्या चार ॲम्ब्युलन्स. एक नंबर गाडी येसूची, दोन नंबर माझी. छावणीपासून पंधराव्या मैलाला डावीकडे वळायचं, की नदीकाठचं इस्पितळ. वळणावर ना झाड, ना दगड. मैल मोजणं एवढीच खूण, आणि ते काम एक नंबरचं.

येसूच्या गाडीची केबल अशीच ओरडत होती. मैलांचे आकडेही त्याच तारेवर फिरतात. लेफ्टनंटसाहेब त्याच्या शेजारी बसणार होते. त्यांचं डोकं दुखत होतं.

"तार निकालो," ते म्हणाले.

"साहेब, मैल कैसे गिनूँ?"

"दो नंबर गिनेगी. पंद्रह पर तीन हॉर्न. हॉर्न सुनो, बाएँ मुडो."

येसूने तार काढली. "आता मी आंधळा," मला हळूच म्हणाला. "हॉर्न जोरात मार गड्या." आयत्या वेळी साहेबांना छावणीत थांबावं लागलं. येसू दोन जखमी घेऊन एकटाच निघाला.

अकराव्या मैलाला धुळीचं वादळ आलं. पुढची गाडी दिसेना. पंधराव्याला मी तीन हॉर्न दिले. उत्तर नाही. पुन्हा तीन दिले. मागच्या दोन गाड्या माझ्यामागे वळल्या. इस्पितळात पोचलो तेव्हा येसू नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सापडली. वळणापासून चार मैल पुढे. रेडिएटर कोरडा. दोन्ही जखमी आत, जिवंत. छागल त्यांच्या मधोमध टांगलेली. येसू गाडीपासून तीनशे पावलांवर पडला होता, आमच्या बाजूला तोंड करून.

"आन गाडी?" बिरूने विचारलं.

"गाडीचं तोंडही आमच्याकडेच होतं. त्याने ती माघारी वळवली होती."

"त्याला कसं कळलं, चुकलो म्हनून? मीटर तर बंद."

"ते मला ठाऊक नाही."

आजही ठाऊक नाही. हॉर्न त्याला उशिरा ऐकू आला म्हणावं, तर चार मैलांवर हॉर्न पोचत नाही. उन्हावरून दिशा ओळखली म्हणावं, तर धुळीत ऊन नव्हतं. जखमींना विचारलं. एक म्हणाला, तो स्वतःशी काहीतरी मोजत होता. दुसरा म्हणाला, तो गात होता. चालत निघताना त्याने छागल का नेली नाही, एवढं मात्र समजतं.

तारेला ग्रीस लावलं. वरची चार बोटं कोरडी ठेवली, नाहीतर ग्रीस चढून काट्यात जातं. केबल जोडली. गाडी फिरवून आणली. आवाज बंद, काटा चालू.

सोमवारी बिरूला घेऊन सांगोल्याला गेलो आणि नवऱ्याच्या बापाला हेच सांगितलं.

"मग पैसं कापलं कशापायी?" तो म्हणाला.

"छागल जखमींबरोबर इस्पितळात गेली. येसूच्या सामानाची मोजणी झाली, त्यात ती कमी भरली."

"जखमींकडं हुती हे कुनी सांगितलं न्हाय?"

"मोजणी आमच्यासमोर झाली नाही. आम्ही तेव्हा पुढच्या फेरीवर होतो."

त्याने पानाचा डबा पुढे सरकवला. मग बिरूला म्हणाला, "तिथी काडून आना."

सरकारी हिशेबात अजून तसंच लिहिलेलं आहे: ड्रायव्हर येसू, एक नंबर गाडी. बाकी पगार पासष्ट रुपये. छागलीचे दोन वजा. त्रेसष्ट रुपये मिळाले, त्याच्या आईला.