चिनी गोष्टीचा एकटा श्रोता
परवा सुनेने जास्मिन टी केला. कपातून जाईचा वास आला आणि कुवेतमधल्या अम्गरा या औद्योगिक भागातलं ते वर्कशॉप आठवलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बायको-मुलांना नाशिकला ठेवून मी तिथे वेल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून गेलो होतो. आमच्याकडे एक चिनी इंजिनिअर होता. दुपारच्या सुट्टीत, बाहेर धुळीचा वारा सुटलेला असताना, तो पत्र्याच्या पोर्टाकेबिनमध्ये असाच जाईचा चहा घेत वहीत काहीतरी लिहीत बसायचा. एकदा त्याने टपालाने आलेलं एक मासिक माझ्यापुढे धरलं. "माझी विज्ञानकथा छापली आहे. पण इथे कुणाला वाचता येत नाही," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मग मला वाचून दाखव," मी म्हणालो. तो चिनीतच वाचू लागला. एक अक्षर कळत नसताना मी डबा बाजूला सारून ऐकत राहिलो. एका ठिकाणी तो वाचायचा थांबला. "इथे काय होतं?" मी विचारलं. "दूरच्या ग्रहावर एकट्या राहणाऱ्या माणसाला आईचा निरोप मिळतो. पोचायला चाळीस वर्षं लागलेली असतात. ती विचारते, जेवलास का?" त्या संध्याकाळी घरी पत्र लिहिताना 'मी इथे मजेत आहे' हे नेहमीचं वाक्य मला लिहवेना. पुढच्या महिन्यात त्याचं कंत्राट संपलं आणि तो गेला. हल्ली चिनी विज्ञानकथांची इंग्रजी भाषांतरं दुकानांत दिसतात. दिसेल ते पुस्तक मी चाळून पाहतो. आपण टोपणनावाने लिहितो, एवढंच त्याने सांगितलं होतं. ते नाव मी विचारलंच नाही.