परीक्षकाचे वाचन

सत्तरच्या दशकात सोलापुरातील एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख होतो. नियमांवर माझा विश्वास होता. आजही आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रात्यक्षिक परीक्षेच्या महिनाभर आधी माझ्याकडे आला. टेंभुर्णीकडचा. लहानपणी उसाच्या चरकात त्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता. त्याला चिंता होती ती टायट्रेशनची. एका हाताने ब्युरेटची, म्हणजे मापाच्या उभ्या नळीची, तोटी सोडायची, दुसऱ्याने खालचा फ्लास्क हलवत राहायचा आणि गुलाबी छटा टिकली की त्याच थेंबाला थांबायचे. ही दोन्ही कामे तो डाव्या हाताने आळीपाळीने करी. वेळ पुरत नसे. प्रात्यक्षिकात नापास झाला तर पदवी नाही.

“सर, एक तर तासभर वाढवून द्या, नाहीतर फ्लास्क हलवायला कुणी द्या. तोटी मीच बंद करीन.”

“टायट्रेशन स्वतःच्या दोन हातांनी करायचे असते.”

“असे कुठे लिहिले आहे, सर?”

“लिहावे लागत नाही.”

डावा हात छातीशी नेऊन नमस्कार करून तो निघून गेला.

किती द्रावण लागले याचे विद्यार्थ्यांचे आकडे परीक्षकाच्या आकड्याशी ताडून गुण देण्याची पद्धत होती. तो आकडा परीक्षकाने स्वतः टायट्रेशन करून काढायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षक म्हणून मी त्यासाठी प्रयोगशाळेत गेलो. सगळे ज्यांना मामा म्हणत, ते तिथले जुने सेवक नुकतेच काम आटोपून ब्युरेट धूत होते.

“सर, त्या पोराला न्हाय म्हनलात म्हनं?”

“नियम आहे, मामा.”

“व्हय की. पन तुमचा आकडा कुनाच्या हातानं निगतो?” मामा हसले. “तोटी मी सोडतो, फ्लास्क मी हलवतो. तुमी खुर्चीत बसून इचारता, मामा, किती? त्याला एक हात कमी हाय. तुमास्नी तर दोन्ही उसने लागतात की!”

रागावण्याजोगे बोलणे होते. पण ते शब्दशः खरे होते, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

मामांनी नुकताच काढलेला आकडा टिपून घेतला, त्यांना घरी पाठवले आणि स्वतः टायट्रेशनला उभा राहिलो. थेंब जास्त पडून पहिला फ्लास्क जास्वंदीसारखा लाल झाला. तीनदा केले. तीन आकडे आले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. हात कापत नव्हते. त्यांना ते काम येत नव्हते, इतकेच. घरी जाऊन अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली. दोन हातांचा उल्लेख कुठेही नव्हता.

सकाळी मी त्या विद्यार्थ्याला फ्लास्क हलवायला मामा दिले. अट एकच: मामांनी रंगाविषयी अवाक्षर काढायचे नाही. कुठे थांबायचे, ते त्यानेच ठरवायचे.

“मामा, जरा सावकाश.”

“तू थेंब सांबाळ रं बाबा. फ्लास्क माज्यावर सोड.”

मी शेजारी उभा होतो. एकदा छटा मला दिसण्यापूर्वीच त्याने तोटी बंद केली. वाकून पाहिले, छटा होती. त्याचे तिन्ही आकडे जुळले, आणि मामांनी आदल्या दिवशी काढलेल्या आकड्याशीही जुळले. माझ्या तिन्हींपैकी कोणत्याही आकड्याशी ताडले असते, तर तो नापास होता.

माझा कागद मी फाडला. गुणपत्रकावर ‘परीक्षकाचे वाचन’ असा छापील रकाना असे. त्यात मामांचा आकडा लिहिला. विद्यार्थी उत्तीर्ण झाला.

रकान्याखाली सही मात्र मलाच करावी लागली.