पाठीचा डबा
नव्या रबराचा वास आला की मला ओतूरजवळची आमची विहीर आठवते. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी एका मैत्रिणीनं मला तिचा महागडा, मानेपासून घोट्यापर्यंतचा रबरी पोहण्याचा सूट दिला होता. अंगात चढवायलाच अर्धा तास गेला. लहानपणी पाठीला रिकामा बंद डबा बांधून मला पोहायला शिकवणारे चुलते विहिरीच्या काठावर बसले होते; गुडघे गेल्यापासून ते पाण्यात उतरले नव्हते. मी उडी मारली आणि चकितच झाले, पाणी मला वर उचलून धरत होतं. चुलते मोठ्यानं आकडे मोजत होते. सूट घालून चार फेऱ्या साठात झाल्या, साध्या कपड्यात सत्तरात. त्यांनी सूट चिमटीत धरून बघितला. "ह्यात हवा ऱ्हाती व्हय? मंग ह्यो डबाच की! सहावीत सोडला व्हता ना तू? परत कशाला बांधला?" स्पर्धेत मी साध्याच पोशाखात उतरले आणि तिसरी आले. पुढे स्पर्धांमध्ये त्या सुटांवर बंदी आली. आता मी पोहायला शिकवते आणि बंदी योग्यच होती असं मुलांना ठासून सांगते. फक्त त्या दिवशी सूट वाळत घालताना चुलत्यांनी हळूच जे विचारलं, त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही : "माझ्या मापाचा मिळंल का गं?"