पोटरीवरची काळी रेघ

जनाकाकींनी मला आधी जेवू घातलं, मग नाव विचारलं. शाळा अर्धी सोडून लातूरहून कोकणात कोळंबीच्या तळ्यावर कामाला आलेल्या मला त्यांच्याच पडवीत जागा मिळाली.

उरलेलं खाद्य आणि घाण मिसळलेलं तळ्याचं पाणी मी ओहोटीला खाडीत सोडतो. ओहोटी ते लांब नेते म्हणून. पण काकी ओहोटीलाच त्याच खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला उतरतात. आज परतल्या तेव्हा त्यांच्या पोटरीवर त्या घाण पाण्याची काळी रेघ होती आणि टोपलीत मेलेले, चिखल भरलेले शिंपले.

“झिला, तुझी कोळंबी बरी जेवता रे,” म्हणत त्यांनी मलाच ताट वाढलं.

समुद्र सगळं पोटात घेतो, असं मला वाटायचं. इथे ओहोटीला तर तो काकींच्या पोटरीएवढाच खोल आहे. कधीतरी मालकाला तळ्याचं पाणी निवळूनच सोडायला लावीन आणि त्यांची टोपली जिवंत तिसऱ्यांनी भरून देईन.