अर्धेलीची शेळी

हृदय बदलायच्या ऑपरेशनआधी पेशंटच्या मनाचीही तपासणी होते. मुंबईच्या इस्पितळात ते काम माझं होतं. हा माणूस औषधं नीट घेईल का, घरचे सांभाळतील का, मुळात त्याला जगायचंय का, हे मी लिहायचं आणि मगच त्याचं नाव यादीत जायचं. मी डहाणूत वाढलेली. तिकडचा पेशंट आला की मी जरा मिरवायचेच, यांचं मला सगळं कळतं म्हणून.

२०१६ साली कासाजवळच्या पाड्यावरचा एक शेतकरी आला. चाळिशीचा, चार पावलांत धाप लागणारा. माझ्या प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर. शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "शेळी शेजारी दिली यांनी. कोंबड्यापण दिल्या."

माझे कान टवकारले. जीव लावलेल्या गोष्टी माणूस वाटून टाकायला लागला की त्याचं जगण्यावरून मन उडालंय, असं आम्ही शिकलेलो. मी लिहून टाकलं, 'उमेद दिसत नाही, तूर्त नाव घालू नये.'

रविवारी घरी डहाणूला आले, पण जेवण गोड लागेना. चारोटीला जाऊन जीप पकडली आणि त्याचा पाडा गाठला. तो अंगणात खाटेवर बसला होता. कुडाच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या दारात शेळी पाला खात होती.

"शेळी का दिलीत?" त्या दिवशी विचारायला हवं होतं ते मी आता विचारलं.

"दिली कुठं, मॅडम? अर्धेलीनं ठेवलीय. मी मुंबईला, तं चारणार कोण? गाभण हाय. पिल्लं झाली का निम्मी त्याची, निम्मी माझी."

"तुमची कधी आणणार?"

"पिल्लांचं दूध सुटलं का. तवर मी येतोच ना परत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी डॉक्टरांपुढे चूक कबूल केली, अहवाल नव्याने लिहिला. नाव यादीत गेलं, पण यादी ठरवणारी त्या आठवड्याची बैठक हुकल्यामुळे आठ दिवस फुकट गेले होते. हृदय मिळेपर्यंत त्या आठ दिवसांनी माझी झोप खाल्ली.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तो तपासणीला आला, तोंडाला मास्क लावून. फाइल उघडायच्या आधीच मी विचारलं, "किती झाली?"

"तीन!" तो वैतागून म्हणाला. "आता दोघांत तीन कशी वाटायची? तो बोलतो, चारलं मी, तिसरं माझं. परवा चांगला अर्धा तास भांडलो."

"भांडताना धाप लागली?"

तो थबकला. "नाय," म्हणाला, आणि छातीवर हात ठेवून हसायला लागला. रडू मला आलं.